मागची कॅसेट: ४२, ४६ की ५१? (कोथरूड ते सिंहगड, गुडघे सांभाळून)

देवराई | रवि, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून पुन्हा नियमित सायकल चालवतोय. वय ४७, वजन ७८ किलो. सायकल आठ वर्षं जुनी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, चाकं साडेसत्तावीस इंची, वजन साधारण १५ किलो. पुढे पॅडलपाशी तीन चकत्या: ४२-३२-२२ दातांच्या. मागे आठ चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, ११ ते ३२ दाती.

आठवड्यातून तीन दिवस पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडीवर जातो. सपाटीला काही तक्रार नाही. पण मुरमाचा उभा चढ आला की पुढची मधली आणि मागची सगळ्यात मोठी चकती टाकूनही पाय अडकतात. पॅडल अक्षरशः एकेक करून ढकलावं लागतं. उजव्या गुडघ्यात, वाटीच्या खाली, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणक राहते. गणपतीच्या आधी एकदा सिंहगड पायथ्यापासून वरपर्यंत न उतरता करायचा आहे, आणि जमलं तर हिवाळ्यात पाबे घाट.

दुकानात विचारलं तर म्हणाले, हे सगळं काढा, पुढे एकच ३२ची चकती आणि मागे ११-५१ची अकरा स्पीड (अकरा चकत्यांची) कॅसेट लावा. शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), चेन, क्रँक (पॅडलचा दांडा) सगळं धरून अठरा हजारांच्या आसपास. सोबतचा एक जण म्हणतो ५१ म्हणजे पायांना लाड, ४२ पुरे. दुसरा म्हणतो ४६ हा सुवर्णमध्य.

अठरा हजार मला सहज खर्च करता येण्यासारखे नाहीत. केले तर एकदाच आणि योग्य जागी करायचे आहेत. टेकड्या आणि घाट चढणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावेत.


खडीसाखर | रवि, रात्री ९:५८

अगदी हाच प्रश्न मला पडला होता. वाखुसा (वाचनखूण साठवली).


घाटवेडा | रवि, रात्री १०:२२

माझं स्पष्ट मत: ४२ पुरतं. माझी २९ इंची हार्डटेल (मागे शॉकअब्सॉर्बर नसलेली) आहे, पुढे ३२, मागे ११-४२. सिंहगड किती वेळा झाला ते मोजणं सोडून दिलंय. पाबे घाट चार वेळा झालाय, त्यातला एकदा भर एप्रिलात. बोपदेव तर आमचा रोजचा.

मोठी चकती असली की माणूस लगेच तिच्यावर जाऊन बसतो. मग ताशी पाच किलोमीटरने रांगत जायचं. त्यापेक्षा तीन महिने नेमाने दिवे घाट करा, चढ सौम्य आहे, लय बसते. मग बोपदेव, मग सिंहगड. पाय तयार झाले की कॅसेट आपोआप मोठी वाटायला लागते. पैसे वाचतील ते वेगळेच.


मृद्गंध | रवि, रात्री १०:५१

घाटवेडा, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण हा सल्ला सगळ्यांना लागू होत नाही हो. मी ५२ वर्षांची आहे. "पाय तयार होतील" या भरवशावर दोन वर्षं पुढे ३२, मागे ३६ वर टेकड्या चढले. पाय तयार झाले, गुडघे गेले. चार महिने सायकल भिंतीला टेकून होती आणि मी फिजिओथेरपीच्या टेबलावर.

मला फिजिओने जे समजावलं ते इथे लिहिते, कारण ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चढावर तेवढंच काम करायचं असेल, म्हणजे तेवढ्याच वेगाने वर जायचं असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्यांऐवजी ४० फेऱ्या मारल्यावर प्रत्येक फेरीत पॅडलवर दीडपट जोर पडतो. काम तेच, पण गुडघ्यावरचा भार दीडपट. छाती आणि फुप्फुसं थकली तर अर्ध्या तासात पूर्ववत होतात. गुडघ्याचं तसं नसतं.

आता माझ्याकडे ३२ आणि ११-५१ आहे. ५१ मी रोज वापरत नाही. पण तळजाईचा तो झाडीतला चढ असो की सिंहगडाची शेवटची वळणं, ती शिल्लक आहे हे माहीत असलं की मन घट्ट राहतं.

देवराई, वाटीच्या खाली ठणक म्हणताय. सीटची उंचीही एकदा तपासून घ्या. सीट खाली असेल तरी तिथेच दुखतं.


बाणेरकर७ | सोम, सकाळी ७:०५

मृद्गंधताईंना पूर्ण अनुमोदन. चढताना रांगावं लागलं तरी चालेल, सायकल ढकलावी लागू नये.

५१ की ४६ याबद्दल थोडं. शिमानोची दहा स्पीडची डिओरे ११-४६ कॅसेट माझ्याकडे तीन वर्षं होती. तिच्या चकत्या अशा: ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२-३७-४६. शेवटची उडी बघा, ३७ वरून थेट ४६, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के. चढावर ३७ जड जातं म्हणून ४६ टाकावं तर पाय एकदम हवेत फिरल्यासारखे होतात आणि वेग पडतो. बाणेर-पाषाण टेकडीवर मला हा त्रास कायम व्हायचा. अकरा स्पीडच्या ११-५१ मध्ये शेवट ३३-३९-४५-५१ असा आहे. ४५ ते ५१ फक्त तेरा टक्के. फरक लगेच पायाला कळतो.

म्हणून नुसता सगळ्यात मोठा आकडा बघू नका, त्याच्या आधीचे दोन आकडेही बघा.


स्पोकतार | सोम, दुपारी १:१५

मी बारा वर्षं सायकल दुरुस्तीचं काम केलंय, आता नोकरी वेगळी, पण घरात दोन स्टँड अजून उभे आहेत. जुन्या सायकलीवर मोठी कॅसेट चढवताना लोकांचे पैसे नेमके कुठे वाया जातात, ते जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. शिमानोचा जुना खाचांचा फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग), ज्याला एचजी म्हणतात, त्यावर सगळ्यात लहान चकती ११ची बसते. १०ची बसत नाही. शिमानोच्या १०-५१ कॅसेटला मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब लागतो आणि स्रॅम कंपनीच्या १०-५० आणि १०-५२ ला एक्सडी. म्हणजे चाकाचा हब तरी बदला, नाहीतर चाकच बदला. देवराई, तुमच्या दुकानदाराने ११-५१ सुचवली ते या दृष्टीने बरोबर आहे. ती एचजीवर बसते. आठ, नऊ, दहा आणि एमटीबीची अकरा, या सगळ्या कॅसेट एकाच रुंदीच्या एचजी बॉडीवर बसतात.

दुसरी गोष्ट केबलची ओढ. शिमानोचे ७, ८, ९ स्पीडचे मागचे डिरेलर एका हिशोबाने चालतात. एमटीबीचे १० वेगळ्या, ११ आणखी वेगळ्या. त्यामुळे आठ स्पीडचा शिफ्टर ठेवून नुसता अकरा स्पीडचा डिरेलर आणला तर गिअर कधीच जागेवर बसणार नाहीत. शिफ्टर, डिरेलर, चेन, कॅसेट असा अख्खा संसार एकदम हलवावा लागतो. अठरा हजार म्हणूनच होतात.

तिसरी, आणि हीच लोक विसरतात, डिरेलरची क्षमता. प्रत्येक मागच्या डिरेलरला दोन मर्यादा असतात. एक, सगळ्यात मोठी चकती किती दातांची चालेल. दोन, एकूण किती सैल चेन तो ओढून धरू शकतो. दुसरीचं गणित असं: पुढच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. तुमच्याकडे ४२ वजा २२ म्हणजे २०, आणि ३२ वजा ११ म्हणजे २१. एकूण ४१. आठ स्पीडच्या आल्टस किंवा आसेरा लांब पिंजऱ्याच्या डिरेलरची क्षमता ४३ आणि कमाल चकती ३४ची असते. म्हणजे आहे त्या डिरेलरवर तुम्ही ११-३४ पर्यंत जाऊ शकता, त्यापुढे नाही. आठ स्पीडमध्ये ११-४० कॅसेटही मिळते, पण ती तुमच्या तीन चकत्यांवर आणि या डिरेलरवर लावू नका. हँगरला (चौकटीवर डिरेलर टांगतो त्या तुकड्याला) जोडपट्टी लावून डिरेलर खाली आणायची युक्ती लोक करतात. एखाद-दोन दात्यांसाठी ठीक, पण ३४ वरून ४० वर जायला मी ती कुणालाही करू दिली नाही. एका मुलाचा डिरेलर स्पोकमध्ये गेलेला पाहिलाय, सोबत हँगर आणि आठ तारा घेऊन.

डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. तो बघून इथे लिहा.


खडीसाखर | सोम, दुपारी १:४०

स्पोकतार, हे सगळं एका ठिकाणी मराठीत पहिल्यांदाच वाचलं. मनापासून धन्यवाद.


त्रैराशिक | सोम, रात्री ८:३०

उशिरा आलो. वर चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय असं वाटतं. आपण सगळे मागच्या चकतीबद्दल बोलतोय. पायाला मागची चकती कळत नाही, पायाला पुढच्या-मागच्याचा भागाकार कळतो.

साडेसत्तावीस इंची चाकाचा परीघ साधारण २.१५ मीटर धरू. पॅडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या, म्हणजे चढावर बहुतेकांना जमणारी सगळ्यात कमी सुखाची लय. आता हिशोब (आधी पुढची चकती, मग मागची):

३२-४२: एका फेरीत १.६४ मीटर, वेग ताशी ५.९ किमी.
३२-४६: १.५० मीटर, ताशी ५.४.
२२-३२: १.४८ मीटर, ताशी ५.३.
२२-३४: १.३९ मीटर, ताशी ५.०.
३२-५१: १.३५ मीटर, ताशी ४.९.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. देवराई, तुमच्या आत्ताच्या सायकलवरचा सगळ्यात हलका गिअर २२-३२ आहे. तो ३२-४६ पेक्षा किंचित हलका आहे आणि घाटवेडांच्या ३२-४२ पेक्षा तर बराच हलका. ११-३४ कॅसेट लावली की तुम्ही ३२-५१ च्या तीन टक्के जवळ पोचता. अठरा हजारांत मिळणारा हलकेपणा फक्त तेवढाच आहे.

मग तुमचे पाय अडकतात कसे? तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय, "पुढची मधली आणि मागची सगळ्यात मोठी". म्हणजे ३२-३२. एका फेरीत २.१५ मीटर. तुम्ही आणि सायकल मिळून ९३ किलो. दहा टक्के चढावर, मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर या गिअरमध्ये सुमारे २२० वॉट लागतात. २२-३२ मध्ये सुमारे १५०. पंधरा टक्के चढावर हेच आकडे ३१५ आणि २१५ होतात. पंधरा टक्क्यांवर ३१५ वॉट लावत राहणं ही शर्यतवाल्यांची गोष्ट आहे. ते जमत नाही म्हणून फेऱ्या ६० वरून ३५-४० वर येतात, आणि मृद्गंध म्हणाल्या तो भार गुडघ्यावर येतो.

म्हणून एकच प्रश्न. पुढची २२ची चकती तुम्ही का वापरत नाही?


घाटवेडा | सोम, रात्री ९:०२

त्रैराशिक, हिशोब पटला. माझं चाक २९ इंची आहे, परीघ २.३ मीटर धरला तर माझा ३२-४२ अजून जड पडतो, ताशी ६.३. माझं वजन ६१ किलो आहे हे मी आधी लिहायला हवं होतं. ९३ किलो वर नेणाऱ्याला तोच गिअर सुचवणं बरोबर नव्हतं.

पण नेमाने घाट करा हा सल्ला मागे घेत नाही.


मृद्गंध | सोम, रात्री ९:१०

तो घेऊही नका, तो अगदी योग्य आहे.


जुनीघंटा | सोम, रात्री १०:१५

थोडं अवांतर. माझ्या आजोबांकडे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असलेली सायकल होती. गिअर हबच्या पोटात, बाहेर एकच चकती. मधला गिअर सरळ, खालचा पाऊणपट, वरचा एक-तृतीयांशाने जास्त. म्हणजे सगळ्यात हलक्यापासून सगळ्यात जडापर्यंत पावणेदोन पटींच्या थोडा वर. त्यावर ते सदाशिव पेठेतून खडकवासल्याला जायचे, येताना कॅरिअरला भाजी.

त्रैराशिकांचा हिशोब वाचून मी तसाच भागाकार करून पाहिला. ११-३६ म्हणजे ३.३ पट, ११-४२ म्हणजे ३.८, ११-५१ म्हणजे ४.६, १०-५१ म्हणजे ५.१. आणि देवराईंची जुनी ४२-३२-२२ आणि ११-३२? साडेपाच पट! त्या जुन्या सायकलीत आजच्या महागड्या बारा स्पीडपेक्षा जास्त पल्ला आहे. मला हे खरंच माहीत नव्हतं.

गिअरच्या हबची जुनी सायकल ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय जरूर पाहावं. मुलांना घेऊन जा.


बाणेरकर७ | मंगळ, सकाळी ६:५०

हिशोबाशी भांडण नाही. पण तीन चकत्या सोडून सगळे एकीवर का आले याचंही कारण आहे. खडबडीत वाटेवर डाव्या हाताने पुढचा गिअर, उजव्याने मागचा, त्यात दगड चुकवायचा, समोरून कुत्रं येतं. अचानक चढ आला की ४२ वरून २२ वर यायला वेळ नसतो आणि चेन पडते. पावसात पुढच्या डिरेलरमध्ये चिखल भरतो. एकच चकती असली की एकच विचार. शिवाय आजच्या डिरेलरना क्लच असतो, चेन उड्या मारत नाही.

नवीन सायकल घेणाऱ्याला मी आजही पुढे एकच चकती असलेलीच सुचवेन. फक्त पुढची ३२च असली पाहिजे असं काही नाही. ३०ची बसत असेल तर ती लावा. ३२ वरून ३० म्हणजे सहा टक्के हलकं, आणि नवी चकती कॅसेटपेक्षा खूप स्वस्त. सपाटीला पाषाण ते चांदणी चौक वरचा वेग थोडा कमी होईल, त्याचं टेकडीवाल्याला काय?


स्पोकतार | मंगळ, सकाळी ९:२०

३०च्या चकतीबद्दल एक खबरदारी. क्रँकवर चार बोल्टचं १०४ मिमीचं वर्तुळ असेल तर साधारणपणे ३२ हीच लहानात लहान मर्यादा. ३०ची मिळते, पण तिला बोल्टचे आटे चकतीतच पाडलेले असतात, तशीच मागून घ्या. थेट क्रँकवर बसणारी चकती असेल तर २८ही बसते. आधी सायकलच्या चौकटीला घासत नाही ना ते पाहा.


टेकडीकाठ | मंगळ, दुपारी ४:३०

एक विनंती, विषयाला धरूनच आहे. मी वेताळ टेकडीवर रोज पहाटे पायी जातो. पावसाळ्यात ओल्या पायवाटेवर जड गिअरने जोर लावून चढलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि माती उकरली जाते. मग पाणी त्याच चरातून वाहतं आणि दोन पावसाळ्यांत वाट वाहून जाते. हे डोळ्यांनी पाहिलंय. टेकडीवर आधीच प्रस्तावित रस्त्यांची टांगती तलवार आहे. निदान आपण तरी तिला जपू या. हलका गिअर, सावकाश फेऱ्या, आणि जोराचा पाऊस झाला की दोन दिवस टेकडीऐवजी डांबरी रस्ता, एवढं कराल का?


मृद्गंध | मंगळ, दुपारी ४:५५

टेकडीकाठ, मी हे पाळते आणि आमच्या गटालाही सांगते. चाक जागच्या जागी फिरतं त्याचं आणखी एक कारण म्हणजे उभं राहून चढणं. घसाऱ्यावर सीटच्या टोकाशी सरकून बसावं, छाती हँडलकडे झुकवावी. मागच्या चाकावर वजन राहतं, पुढचं चाकही उचललं जात नाही. आणि टायरमध्ये हवा जरा कमी.


देवराई | मंगळ, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. त्रैराशिक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज सायकल उलटी करून बसलो.

२२ची चकती मी वापरत नाही कारण ती लागतच नाही. डावा खटका दाबला की टक् असा आवाज येतो, पण चेन ३२ वरच राहते. किती दिवसांपासून, हे आठवून पाहिलं. बहुतेक लॉकडाउनच्या नंतर सायकल गच्चीवरून खाली आणली तेव्हापासून. मधल्या काळात सर्व्हिसिंग दोनदा झालं. मीही तिथे तक्रार केली नाही, कारण सपाटीला लहान चकती कधी लागलीच नव्हती. मला वाटायचं ती शोभेलाच असते.

म्हणजे पाच वर्षं मी तीनऐवजी दोन चकत्यांची सायकल चालवतोय आणि मागची कॅसेट लहान आहे असं धरून चाललोय. डिरेलरवर आरडी-एम३६० असं लिहिलंय. स्पोकतार, पुढचं मी स्वतः करू शकतो का?


स्पोकतार | मंगळ, रात्री ९:५०

नक्की करू शकता. एम३६० म्हणजे आसेरा. मी म्हटलं तीच मर्यादा, ३४ आणि ४३.

पुढच्या डिरेलरचं असं करा. आत यायला तो स्प्रिंगच्या जोरावर येतो, केबल त्याला फक्त बाहेर ओढते. म्हणून आत येत नसेल तर तीन संशय. पहिला, केबल गंजली. बहुतेक सायकलींवर ती पॅडलच्या बेअरिंगखालच्या प्लॅस्टिकच्या खाचेतून जाते, तिथे चिखल सुकून दगड झालेला असतो. दुसरा, डिरेलरचे सांधे घट्ट झालेत. तिसरा, आतल्या मर्यादेचा स्क्रू जास्त आवळलाय.

खटका सगळ्यात लहान चकतीवर ठेवून केबल बोल्टपासून सोडा. डिरेलर बोटाने बाहेर ओढून सोडा. झटकन आत गेला तर दोष केबलचा, आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही नवं टाका, खर्च किरकोळ आहे. सावकाश किंवा अर्धवट गेला तर सांध्यांत घाण आहे, धुऊन तेलाचे थेंब द्या. मग मागे ३२ आणि पुढे २२ वर चेन हाताने बसवा. एल लिहिलेला स्क्रू असा फिरवा की डिरेलरची आतली पट्टी चेनला जेमतेम लागत नाही, अर्धा मिलिमीटर फट. केबल ताणून बोल्ट आवळा. झालं.

आणि २२ वर असताना मागच्या मोठ्या चार-पाच चकत्याच वापरा. २२-११ वर चेन तिरकी आणि सैल होते. चढ दिसला की चढाच्या आधी २२ वर या, जोर लागायला लागल्यावर नाही.


रावेतची_राधा | बुध, सकाळी ११:१०

इथेच विचारते. मुलीला, वय १४, पहिली गिअरची सायकल घ्यायची आहे. घोरावडेश्वराच्या पायथ्याच्या वाटांवर तिच्या मैत्रिणी जातात. एक सात स्पीडची आहे, मागे १४-२८, पुढे तीन. दुसरी नऊ स्पीड, मागे ११-३६, पुढे दोन, थोडी महाग. २१ गिअर जास्त की १८?


स्पोकतार | बुध, सकाळी ११:४५

राधाताई, गिअरची संख्या विसरा. ११-३६ वाली घ्या. सात स्पीडच्या १४-२८ मध्ये मागचा पल्ला फक्त दुप्पट आहे. शिवाय ती बहुधा आट्यांवर फिरवून बसवलेली फ्रीव्हील असेल, कॅसेट नाही. त्यात मागचा आस बेअरिंगच्या खूप बाहेर येतो, खड्ड्यात वाकतो, आणि पुढे बदलायला पर्यायही मोजकेच. कॅसेटच्या हबवर उद्या काहीही वाढवता येतं. दुकानात विचारा, "फ्रीव्हील आहे की कॅसेट?"

शिमानोचं क्यूज मालिकेतलं नऊ स्पीड, मागे ११-४६ आणि पुढे एक, बजेटमध्ये बसत असेल तर तेही उत्तम. चौदा वर्षांच्या मुलीला एकच खटका सोपा पडेल.


रावेतची_राधा | बुध, दुपारी १२:०५

फ्रीव्हील की कॅसेट, हा प्रश्न कागदावर लिहून घेतला. धन्यवाद दादा.


देवराई | शनि, सकाळी ११:३०

अडीच आठवड्यांनी परत आलो. वृत्तांत थोडा मोठा आहे.

केबलच होती. खालच्या खाचेत गंजून चिकटलेली तार पक्कडीने ओढून काढावी लागली. नवी तार, नवं कव्हर, एल स्क्रू पाऊण फेरी सैल. पहिल्यांदा चेन खळ्ळकन २२ वर उतरली तेव्हा बायको आतून विचारत आली, काय पडलं म्हणून.

चेन मोजली तर पाऊण टक्क्याच्या वर ताणलेली. म्हणून कॅसेट आणि चेन दोन्ही बदलल्या. आठ स्पीड ११-३४. स्पोकतारांनी फोटोवरून लांबी सांगितली, ४२-३४ वर चेन पुरते का ते आधी पाहिलं. मजुरी धरून सगळं तीन हजारांच्या आत झालं.

आज पहाटे ४:४५ ला घरून निघालो. वारजे, खडकवासला, डोणजे. गोळेवाडीच्या उपद्रव शुल्काच्या नाक्याशी पोचलो तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. तिथेच २२ वर आलो, चढ सुरू व्हायच्या आधी. पहिली दोन-तीन वळणं विचित्र वाटलं, पाय फिरतायत आणि सायकल सरकत नाहीये असं. वेग ताशी सहा. एक धावणारा मुलगा मला मागे टाकून गेला. पण पॅडल अडकत नव्हतं. एकदाही नाही. श्वास लयीत होता, मागून येणाऱ्या गाडीला हाताने पुढे जा म्हणून सांगण्याइतका.

शेवटच्या उभ्या टप्प्यावर २२-३४ वर गेलो आणि मुद्दाम फेऱ्या मोजल्या. मिनिटाला ५६. पूर्वी टेकडीवर ३५ही होत नव्हत्या. वाहनतळाशी पोचलो तेव्हा पाय एकदाही टेकला नव्हता. पुढे चालत जाऊन पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही, दोन मटकी.

गुडघा आत्ता ठीक आहे. उद्या सकाळी कसा आहे तेही लिहीन, कारण खरी परीक्षा तीच. सीटही मृद्गंधताईंनी म्हटल्यावर तपासली, दीड सेंटिमीटर वर घेतली.


त्रैराशिक | शनि, सकाळी ११:५०

५६ फेऱ्या वाचून फार आनंद झाला.


बाणेरकर७ | शनि, दुपारी १२:२०

अभिनंदन! माझं मत एका चकतीचंच आहे, पण या सायकलसाठी हाच निर्णय योग्य होता. वाचलेल्या पंधरा हजारांतून चांगले टायर घ्या, घसाऱ्यावर त्यांचा फरक कॅसेटपेक्षा जास्त पडेल.


देवराई | रवि, सकाळी ७:१०

गुडघा ठणकत नाहीये. जिना उतरून पाहिला, दोनदा.


घाटवेडा | रवि, सकाळी ७:४०

मस्त! पाबेला दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी जाऊ. पहाटे ५ ला वारजे पुलाखाली. माझी पुढची चकती तोवर ३०ची झालेली असेल, कालच सांगून ठेवलीय.


मृद्गंध | रवि, सकाळी ८:०२

मीही येते. रांजण्याच्या पुढे माझ्यासाठी थांबू नका, वर भेटू.